गेमिंग + स्ट्रीमिंगसाठी प्रोसेसर कुठला? बजेट ६० हजार, भाचा हट्टाला पेटलाय

इचलकरंजीचा मामा

नमस्कार मंडळी. भाचा बारावी सुटला आणि ताईनं मला न विचारता त्याला कबूल करून टाकलंय की मामा कॉम्प्युटर घेऊन देणार. म्हणजे आता आमची सुटका नाही. बजेट ६० हजार, मॉनिटर सोडून (मॉनिटर दाजींकडं, त्यांनी अजून खिशात हात घातलेला नाही).

पोरगा व्हॅलोरंट खेळतो आणि जीटीए फाईव्हचं ते आरपी का काय, ज्यात रात्रभर पोलीस नाहीतर टॅक्सीवाला बनून गप्पा हाणत बसतात. तेच त्याला यूट्यूबवर मराठीतनं लाईव्ह दाखवायचंय. बघणार कोण असं विचारलं की राग येतोय.

गाडी प्रोसेसरवर अडलीय. इथला दुकानदार म्हणतो स्ट्रीमिंग म्हटल्यावर कोर (म्हंजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग म्हणे) पाहिजेत, आठ कोरचा रायझन ७ ५७०० घ्या आणि ग्राफिक्स कार्ड छोटं चालतंय, आरएक्स ६५०० एक्सटी टाकून देतो. भाचा म्हणतो रायझन ५ ५६००. त्याचा मित्र म्हणतो इंटेल आय५ १२४००एफ. आकडे सगळे सारखेच दिसायल्यात. गिऱ्हाईकाला सूत बोटात धरून दाखवतो तसं कुणीतरी मला फरक दाखवा.

फ्रेमड्रॉप

मामा, आधी त्या दुकानातनं बाहेर पडा :)

रायझन ७ ५७०० आणि ५७००एक्स ही एकाच प्रोसेसरची दोन नावं वाटतात पण तसं नाहीये. ५७००एक्समध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि पीसीआय एक्सप्रेस ४.० (ग्राफिक्स कार्डाशी बोलायचा रस्ता). नुसता ५७०० म्हणजे ग्राफिक्सवाल्या ५७००जीचंच पिल्लू, ग्राफिक्स बंद करून विकलेलं, कॅश निम्मी म्हणजे १६ एमबी आणि पीसीआय ३.०. गेमिंगला कॅश लै महत्त्वाची, त्यामुळे सहा कोरचा ५६०० बऱ्याच गेम्समध्ये या आठ कोरवाल्याच्या पुढे जातो. दुकानदार ७ आकडा दाखवून माल खपवतोय. ५५०० आणि ५६००जी पण त्याच घराण्यातले, १६ एमबी आणि पीसीआय ३.०.

आता कार्ड. ६५०० एक्सटी मदरबोर्डशी फक्त ४ लेनने बोलतं. पीसीआय ४.० असेल तर निभतं, ३.० वर टाकलं की तो रस्ता निम्मा होतो, आणि व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) ४ जीबी असल्यामुळे डेटा सारखा त्याच रस्त्याने ये-जा करतो. म्हणजे दुकानदाराने बरोब्बर असा प्रोसेसर निवडलाय ज्याच्यावर हे कार्ड सगळ्यात वाईट चालतं.

नेहा_नागपूर

आणि मुख्य गोष्ट तर कोणी सांगूनच नाही राहिलं. ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एनकोडरच नाहीये!! स्ट्रीमिंगसाठी घेऊन राहिले ना तुम्ही? मग तेच कार्ड कसं काय देते तो माणूस.

मी दोन वर्षांपासून स्ट्रीम करते, छोटंच चॅनेल आहे, पण एवढं नक्की सांगते की प्रोसेसर शेवटी ठरवा, आधी एनकोडिंग कोण करणार ते ठरवा. त्यावरून प्रोसेसर आपोआप ठरते.

इचलकरंजीचा मामा

एनकोडर म्हंजे काय ओ ताई? मला ५७०० पर्यंत समजलं, पुढं धूर.

नेहा_नागपूर

गेम स्क्रीनवर दिसते ते कच्चं चित्र असते मामा, सेकंदाला ६० फोटो. तेवढं नेटवरून जाऊच शकत नाही. म्हणून ते दाबून लहान करायचं, लाईव्ह चालू असताना, न थांबता. हेच एनकोडिंग. ओबीएसमध्ये (फुकट सॉफ्टवेअर आहे, सगळे तेच वापरतात) ते दोन प्रकारे होते.

एक म्हणजे प्रोसेसरकडून, त्याला एक्स२६४ म्हणतात. हा खरंच कोर खाते. गेमही प्रोसेसरवर, एनकोडिंगही प्रोसेसरवर, दोघं भांडतात. दुकानदार जे कोर कोर करून राहिला ते या जुन्या काळातलं आहे.

दुसरं म्हणजे ग्राफिक्समध्ये त्यासाठी वेगळा छोटा भाग असते तो वापरायचा. एनव्हिडियाच्या कार्डात एनव्हेंक, इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समध्ये क्विकसिंक, एएमडीचं आपलं वेगळं आहे. तो भाग गेम चालवायच्या कामाचाच नसते त्यामुळे प्रोसेसरवर ओझं फार थोडं येते. आरटीएक्स २० सिरीजपासून एनव्हेंक इतका सुधारला की एक्स२६४च्या नेहमीच्या व्हेरीफास्ट सेटिंगपेक्षा वाईट दिसत नाही. मग आठ कोर कशाला? सहा कोर बारा थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं) पुरे, उरलेले पैसे कार्डात घाला.

शंकासुर

मग चार कोरचाच घ्या ना, आय३ १२१००एफ. अजून पैसे वाचतील. व्हॅलोरंटला भरपूर झाला की तो.

फ्रेमड्रॉप

नुसत्या व्हॅलोरंटला झाला, मान्य. पण भाच्याचा रात्रीचा सीन डोळ्यासमोर आणा. फाईव्हएमवर (जीटीएचे असे सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर) जीटीएचा आरपी सर्व्हर, जो स्वतःच प्रोसेसर आणि रॅम दोन्ही ओरबाडतो. शेजारी ओबीएस, ओबीएसमध्ये चॅट आणि अलर्टचे ब्राऊझर सोर्स (प्रत्येक सोर्स म्हणजे आत एक छोटा क्रोमच चाललेला असतो), डिस्कॉर्डवर सहा जण ओरडतायत, आणि खरोखरचा क्रोम वीस टॅब घेऊन बसलाय. चार कोरवर सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम्स म्हणजे चित्रं) चांगलाच दिसेल पण मधेच झटका बसतो. वन पर्सेंट लो म्हणतात त्याला, म्हणजे सगळ्यात हळू निघालेल्या १ टक्का फ्रेम्सचा वेग. सरासरीवर जाऊ नका, झटके त्याच्यात दिसतात.

मोडेम आजोबा

धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळणार आहे का? ५६०० की १२४००एफ एवढंच विचारलंय त्यांनी.

दोन्ही २०२२ चे. दोन्ही सहा कोर बारा थ्रेड, दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ, दोन्हींच्या खोक्यात पंखा येतो. या बजेटमधल्या कार्डावर गेममधला फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही, यूट्यूबवरचे आलेख पाहूनच कळेल. त्यामुळे त्या दिवशी प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून जे स्वस्त पडेल ते घ्यावे. नुसत्या प्रोसेसरची किंमत बघून लोक फसतात ती इथेच.

झिऑन_झिंदाबाद

कोणीच झिऑनचं नाव काढत नाही? ई५ २६८० व्ही४, १४ कोर २८ थ्रेड, चायनीज एक्स९९ बोर्ड आणि रॅमसकट किट येतं, तुमच्या ५६००च्या बोर्डाच्या भावात. माझ्याकडे रेंडरिंगला आहे, मख्खन चालतं. स्ट्रीमिंगला २८ थ्रेड म्हणजे विषयच संपला.

मोडेम आजोबा

रेंडरिंगला चालत असेल, कोण नाही म्हणतंय. पण तो २०१६ चा सर्व्हरचा प्रोसेसर, जोर लावून ३.३ गिगाहर्ट्झ. व्हॅलोरंटसारखा गेम दोन-चार थ्रेडवर जीव काढतो, बाकीचे चोवीस बसून असतात.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. जुगाड करून ११ टाकता येतं, पण व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटरच्या सुरक्षेच्या दोन सोयी) दोन्ही मागतं, आणि त्या चायनीज बोर्डांवर बहुतेक वेळा टीपीएम नसतंच. म्हणजे पोराला कॉम्प्युटर मिळेल, गेम तेवढा उघडणार नाही.

झिऑन_झिंदाबाद

व्हॅलोरंटचं खरं आहे. बाकी गेम्सना चालतो हे मी लिहून देतो.

तांबडा_रस्सा

मामा मी कोल्हापूरचा, शेजारीच तुमच्या. माझं म्हणणं एवढंच की आता एएम४ मधी (५६०० बसतोय तो सॉकेट, म्हंजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) कशाला पैसे घालताय भावा, मेलेला सॉकेट हाय तो. एएम५ वर जावा, रायझन ५ ७६०० घ्या, एएमडीनं २०२७ पर्यंत तरी सॉकेट चालू ठेवणार म्हणून सांगितलंय, चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा, बोर्ड रॅम तीच.

लॅमिंग्टनवाला

एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण एएम५ म्हणजे डीडीआर५, दुसरी रॅम चालतच नाही, आणि रॅमचे भाव बघितलेत का कोणी? २०२५ च्या दिवाळीच्या आसपासपासून जे पेटलेत ते काही विझत नाहीत. एआयचे डेटासेंटरवाले सगळा माल उचलतायत, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा गिऱ्हाइकांसाठीचा धंदाच बंद करतोय म्हणून जाहीर केलं. आमच्याकडे लॅमिंग्टन रोडला सकाळचा भाव संध्याकाळी मिळत नाही अशी अवस्था आलेली. डीडीआर४ पण महाग झालीये, पण घरातल्या किंवा ओळखीतल्या जुन्या मशीनमधून निघते तरी. मामा, घरी ऑफिसचा एखादा बंद पडलेला डेस्कटॉप आहे का बघा. त्यात ८ च्या दोन डीडीआर४ पट्ट्या निघाल्या तर तुमचं बजेट एकदम मोकळं होईल.

आणि कुठलीही घ्या पण दोन पट्ट्या घ्या, १६ ची एक नको. ड्युअल चॅनेल (दोन पट्ट्या एकदम चालणं) नसेल तर चांगल्या प्रोसेसरचंही वन पर्सेंट लो बसतं.

इचलकरंजीचा मामा

हाय की! कारखान्याच्या ऑफिसात हिशोबाचा एक पीसी पडलाय, २०२० ला घेतलेला, पॉवर सप्लाय उडाल्यावर कुणी बघितलाच नाही. उघडून बघतो.

बघितला. ८-८ च्या दोन पट्ट्या, वर डीडीआर४ ३२०० लिहिलंय. हे चालतंय का?

लॅमिंग्टनवाला

लॉटरी लागली मामा. म्हणजे एएम५ बाद, ५६०० नाहीतर इंटेलची १२वी पिढी (१२४००वाली).

आता माझा मुद्दा ऐका, सगळे १२४००एफ १२४००एफ करतायत, मी म्हणतो एफ नसलेला १२४०० घ्या. एफ म्हणजे इनबिल्ट ग्राफिक्स बंद. एफ नसलेल्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे आणि त्याच्याबरोबर क्विकसिंक. म्हणजे एनकोडर प्रोसेसरमध्येच आला, मग ग्राफिक्स कार्ड घेताना एनव्हिडियाच हवं ही अट राहत नाही. नाहीतर लोक काय करतात, एनव्हेंक पाहिजे म्हणून आरटीएक्स ३०५० घेतात, आणि त्याच्या आसपासच्या पैशात मिळणारं एएमडीचं आरएक्स ६६०० गेममध्ये त्याच्यापेक्षा चांगलंच पुढे आहे. १२४०० + ६६०० घ्या, गेम ६६०० वर, एनकोडिंग क्विकसिंकवर.

दुसरा फायदा दुकानात रोज बघतो. कार्ड वॉरंटीला गेलं की एफवाला माणूस महिनाभर काळ्या स्क्रीनसमोर बसतो. इनबिल्ट असेल तर निदान कॉलेजचं काम चालतं, व्हॅलोरंट लो सेटिंगवर पण चालतो.

फ्रेमड्रॉप

पटलं अर्धं. क्विकसिंक कार्डाच्या बाहेर असल्यामुळे प्रत्येक फ्रेम कार्डातून इनबिल्ट ग्राफिक्सकडे कॉपी व्हावी लागते, ते फुकट होत नाही. ५६०० + ३०५० मध्ये सगळं एकाच कार्डात होतं, सेटिंगची कटकट नाही. नवख्या पोराला सोपं काय हेही बघा.

३०५० घेणार असाल तर ८ जीबीचंच. ६ जीबीवालं म्हणजे २ जीबी कमी एवढंच नसतं, आतली चिपही कापलेली आहे. नाव सारखं ठेवून विकतात, ५७०० सारखीच गंमत.

लॅमिंग्टनवाला

कॉपीचा खर्च १०८० पीला जाणवत नाही. ६६०० आणि ३०५० मधला फरक मात्र रोज जाणवतो.

नेहा_नागपूर

मी इथे लॅमिंग्टनवाले दादांच्या बाजूने. फक्त भाच्याला एक सांगून ठेवा. कार्ड ९९ टक्के गेमला दिलं तर ओबीएसला स्वतःचं चित्र जोडायलाच जागा राहत नाही, मग कितीही भारी प्रोसेसर असो स्ट्रीम अडखळते. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये तीन वेगवेगळ्या ओळी असतात आणि लोक तिन्हींना सरसकट लॅग म्हणतात:

रेंडरिंग लॅगमुळे फ्रेम गेल्या = ग्राफिक्स कार्ड दमलं. गेमचा एफपीएस कॅप करा (ठरावीक आकड्यावर थांबवा), ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा (विंडोज मग त्याला कार्डात प्राधान्य देते).

एनकोडिंग लॅगमुळे गेल्या = एनकोडर दमला. एक्स२६४ असेल तर तेव्हा प्रोसेसरला शिव्या द्या.

नेटवर्कमुळे गेल्या = इंटरनेट. यात प्रोसेसरचा काही संबंध नाही, पण माझ्याकडे येणारे निम्मे लोक याच्यासाठीच नवा प्रोसेसर घ्यायला निघालेले असतात.

शंकासुर

१३४००एफ का नको मग? १० कोर आहेत. आणि १३व्या-१४व्या पिढीचे प्रोसेसर जळतात म्हणे ते काय आहे?

मोडेम आजोबा

१० म्हणजे ६ मोठे आणि ४ छोटे. वाईट नाही, पण या बजेटात तो फरक कार्डात घातलेला बरा.

जळतात हे अतिशयोक्त. वरच्या मॉडेल्समध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन प्रोसेसर कालांतराने अस्थिर होत होते, इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्त्या दिल्या आणि त्या मॉडेल्सची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला हा प्रश्न नाही, त्यामुळे मामांनी झोप उडवून घेऊ नये.

न्यूजर्सीचा_पंत

मी पुढच्या महिन्यात येतोय, इकडून प्रोसेसर आणू का? खिशात मावतो.

लॅमिंग्टनवाला

पंत, प्रोसेसरच्या भावात आता तेवढा फरक नाही, आणि काही झालं तर इथला दुकानदार हात वर करणार. मामा, इथे घेतानाही खोकाबंदच घ्या, तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. ट्रेचा माल म्हणून सुटा प्रोसेसर थोडा स्वस्त देतात, त्याला बहुतेक दुकानाचीच एक वर्षाची असते आणि पंखा नसतो. जीएसटीचं बिल घ्या, १८ टक्के वाचवायच्या नादात वॉरंटी घालवू नका.

इचलकरंजीचा मामा

बरं मग १२४०० बिनाएफचा. बोर्ड कुठला? दुकानदार एच६१० म्हणतोय, यात पण काय गोम हाय का?

फ्रेमड्रॉप

नाही, यात तो बरोबर आहे. १२४०० ओव्हरक्लॉक होत नाही (म्हणजे वेग हाताने वाढवता येत नाही), जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो, बऱ्यापैकी एच६१० त्याला पेलतं. फक्त डीडीआर४ वाला एच६१० आहे ना ते दोनदा विचारा, डीडीआर५ वालाही त्याच नावाने येतो आणि तुमच्या पट्ट्या त्यात बसणारच नाहीत. रॅमचे दोनच स्लॉट असतात ते तुमचे भरले. एसएसडी पीसीआय ३.० च्या वेगाने चालेल, गेमिंगला काही बिघडत नाही. दोन हजार जास्त असतील तर बी६६० घ्या, नसतील तर हळहळू नका.

पॉवर सप्लाय मात्र कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको. ८० प्लस ब्रॉन्झचा ५५० वॉट, नाव असलेल्या कंपनीचा.

तांबडा_रस्सा

आणि यूपीएस घ्या मामा. आपल्याकडं लाईट कशी हाय तुमास्नी म्हाईतच हाय, माग चालू झाले की व्होल्टेज नाचतंय. नेहमीचा ६०० व्हीएवाला नको, तो साधारण ३६० वॉटचा असतोय, गेम चालू असताना काठावर येतंय. १००० व्हीएचा घ्या.

नेहा_नागपूर

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या, काचेचं नको. आमच्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री असते आणि इंटेलचा खोक्यातला पंखा बंद काचेमागे असा ओरडते की माईकमध्ये ऐकू येते. प्रोसेसरला काही होत नाही, स्ट्रीम बघणाऱ्यांना होते.

इचलकरंजीचा मामा

मंडळी घेतला. १२४००, एच६१० डीडीआर४, ६६००, ५०० जीबी एसएसडी, सांगितल्यापरमाणं पॉवर सप्लाय. दुसऱ्या दुकानातनं. यूपीएस धरून बजेटच्या थोडं वर गेलं, ते ताईकडनं वसूल करणार.

आता दोन भानगडी. व्हॅलोरंट उघडताना व्हॅन ९००१ असं काहीतरी येतंय. आणि भाचा म्हणतो ओबीएसच्या यादीत क्विकसिंक दिसतच नाही.

नेहा_नागपूर

९००१ म्हणजे टीपीएम नाहीतर सिक्युअर बूट बंद आहे. बायोसमध्ये जा, इंटेलच्या बोर्डावर टीपीएमला पीटीटी म्हणतात, ते एनेबल करा. सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट व्हायची सोय) बंद, सिक्युअर बूट चालू. पण त्याआधी विंडोज जीपीटी डिस्कवर (डिस्कची नवी मांडणी) टाकलेलं आहे ना ते बघा, एमबीआरवर (जुनी मांडणी) असेल तर सीएसएम बंद केल्यावर बूटच नाही होणार.

लॅमिंग्टनवाला

बायोसमध्ये आहातच तर आयजीपीयू मल्टी मॉनिटर नावाचं सेटिंग असेल तेही एनेबल करा. कार्ड लावलं की बोर्ड इनबिल्ट ग्राफिक्स आपोआप झोपवतो, म्हणून ओबीएसला ते दिसत नाही. मग विंडोजमध्ये इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका. मॉनिटरची केबल मात्र कार्डातच ठेवा, बोर्डाच्या मागच्या पोर्टात नको.

इचलकरंजीचा मामा

दोन्ही झालं. काल रात्री पहिला लाईव्ह केला पोरानं. तुमच्या त्या तीन ओळी बघितल्या, रेंडरिंग शून्य, एनकोडिंग शून्य, नेटवर्कवाल्या ओळीत मात्र ४ टक्के फ्रेम गेल्यात. भाचा म्हणतो प्रोसेसर कमी पडला, १३४०० घ्यायला पाहिजे होता.

नेहा_नागपूर

त्याला ती तिसरी ओळ परत वाचायला लावा :D बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा, केबीपीएसमध्ये) किती ठेवलाय? आणि वायफायवर आहे ना?

इचलकरंजीचा मामा

१२०००. हो वायफाय. राऊटर खालच्या मजल्यावर, मधी स्लॅब.

नेहा_नागपूर

यूट्यूब १०८० पी ६० ला १२००० सांगते, पण तेवढं अपलोड सतत टिकलं पाहिजे. आधी ६००० वर आणा, सीबीआर (बिटरेट एकसारखा), कीफ्रेम (मधेमधे जाणारं पूर्ण चित्र) २ सेकंद. आणि खालून वर लॅन केबल ओढा, कॅट ६, वीस मीटर. या बजेटमध्ये याच्यापेक्षा स्वस्त अपग्रेड नाही मिळणार.